खंडेनवमीचं तेल

आमच्याकडं खंडेनवमीला मागांची पूजा असते. घराच्या मागं पत्र्याच्या शेडात आमचे चार माग आहेत, टॉवेल विणणारे. त्या दिवशी माग बंद. रुई झाडायची, लोखंड पुसून काढायचं, जिथं जिथं काही फिरतं तिथं तेल सोडायचं, मग हळद-कुंकू, झेंडूची माळ आणि नारळ. लग्न होऊन आल्यापासून हे सगळं माझ्याकडं, कारण आमच्या ह्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. 'हे' म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची सवय मला नाही आणि आता या वयात लावून घ्यायचीही नाही. ह्यांच्या हातात स्क्रू दिला तर उलटा फिरवतील आणि वर मलाच सांगतील, "ह्यो बिघडलाय." माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबर होते, जॉबर म्हणजे मागाचा मिस्त्री. त्यांच्या पाठीपाठी हिंडून मी पाने-पकडी लहानपणीच हाताळलेल्या. त्यामुळं आमच्यात वाटणी सरळ होती. माग मी बघायचे, टॉवेल विकायला हे हिंडायचे.

गेल्या खंडेनवमीला मी पूजेच्या पाटावर एक वस्तू जास्तीची ठेवली. ह्यांच्या गळाचं रीळ.

गळ म्हणजे हल्लीचा, काठीच्या खाली रीळ लावलेला. रिळावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला आणि बाजूला हँडल. ह्यांना त्याचा भलता नाद. रविवार उजाडला की हे आणि शेजारचे मास्तर हिप्परग्याच्या तलावावर. मास्तर म्हणजे तेलुगू विणकर. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलेलं नाही, पण चादरीची डिझाइनं काढतात म्हणून सगळी गल्ली मास्तर म्हणते. दुपारी येताना दोघं कधी कटला आणायचे, कधी चिलापी, आणि बऱ्याचदा नुसतीच सुटलेल्या मोठ्या माशाची गोष्ट. मी म्हणायचे, "गोष्टीला फोडणी कशाची घालू तेवढं सांगा की."

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच तलावाच्या काठावर ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं. मास्तरांनी कुणाची तरी रिक्षा थांबवून ह्यांना दवाखान्यात आणलं, नाहीतर आज मी हे लिहीत बसले नसते. त्या दिवसापासून तलावाचं नाव कुणी काढलं की मी उठून शेडात जायचे.

पाय लवकर सावरला. हात मागं राहिला. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. रबरी चेंडू दाबा, ओला पंचा पिळा, ताटातले हरभरे एकेक करून उचला. हे वैतागायचे. "मी काय कोंबडी हाय का, दाणे टिपायला?" मग एकदा त्या मुलीनंच कोपऱ्यातलं रीळ बघितलं आणि म्हणाली, "काका, हे हँडल फिरवत बसा, ह्याच्यासारखा व्यायाम नाही." झालं! दिवसभर बाजेवर बसून रीळ फिरवणं सुरू. आधी ह्यांची बोटं हँडलवर मी ठेवून द्यायचे. मग हे डाव्या हातानं ठेवायला लागले. मग उजव्या हाताची बोटं आपली आपण हँडल चिमटीत धरायला लागली. पितरपंधरवड्यात एक दिवस ह्यांनी उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले.

म्हणून ते रीळ मी पाटावर ठेवलं. मागांनी आमचं पोट भरलं आणि रिळानं ह्यांचा हात आणून दिला, मग त्याचा मान नको? हातात तेलाची कुपी होतीच, मागाचं घट्ट तेल भरलेली. रिळाला जिथं फट दिसली तिथं कुपीची चोच घातली आणि तेल सोडलं. वर हळद-कुंकू, तेही सढळ हातानं. हे शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "चला, त्याचं बी जेवण झालं."

दसरा होऊन पहिल्याच रविवारी हे म्हणाले, तलावावर जातो. मी घर डोक्यावर घेतलं. मागच्या खेपेला कसे परत आलात ते आठवतंय का, मी म्हणाले. ह्यांचं एकच, "मास्तर हायत की संगं." व्यायामाची मुलगीसुद्धा ह्यांच्याच बाजूनं, म्हणाली, जाऊ द्या काकू, मन रमेल. गेले. मी जीव टांगणीला लावून शेडात बसले.

जेवायच्या वेळेच्या आधीच परत आले. काठी शेडाच्या दारामागं उभी केली आणि बाजेवर जाऊन भिंतीकडं वळून पडले. मास्तर दारातच घुटमळत होते. हळूच म्हणाले, "वैनी, मासा लई मोठा हुता. अण्णांनी हँडल धरलं बगा चांगलं. पण माशानं ओढ दिली तसं हँडल उलटं गरगर फिरलं, बोटावरच आपटलं. हातात जीव न्हाय हो."

रात्रीच्या जेवणाला ह्यांनी डाव्या हातात चमचा घेतला. म्हणाले, "हात गेला गं. धरवत न्हाय."

"एक मासा सुटला म्हणून हात जातो व्हय?" मी म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, ते बोलणं काही खोटं नव्हतं.

मग दिवाळीची साफसफाई निघाली. दारामागची काठी उचलली आणि सहज हँडल फिरवलं. पुढं फिरलं. मागं फिरवून बघितलं. मागंही फिरलं.

आता ह्यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. रिळाच्या आत एक क्लच असतो, सायकलच्या फ्रीव्हीलची जात. हँडल पुढं फिरवा, मोकळं. मागं फिरवायला जा, जागच्या जागी घट्ट. मासा कितीही ओढू दे, हँडल उलटं येत नाही, तेवढ्यासाठीच तो क्लच असतो. तो नसेल तर पहिलवानाच्या हातातूनही हँडल सुटेल. आणि माझ्या हातात ते हँडल इकडंही फिरत होतं, तिकडंही फिरत होतं.

मी काठी मांडीवर घेऊन बसले. तेल! माझे वडील कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: तेल फिरणाऱ्याला, धरणाऱ्याला न्हाय. मागाच्या पट्ट्यावर किंवा ब्रेकवर कुणी तेलाचा थेंब सांडला तर त्यांच्या शिव्या गेटापर्यंत ऐकू जायच्या. त्या ऐकत मी वाढले, आणि मीच धरणाऱ्याला तेल पाजून बसले. वर झेंडूचं फूल वाहिलं.

म्हणजे ह्यांचा हात गेलेला नव्हता.

तशीच उठले, ह्यांना सांगायला. हे ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. मी दारापर्यंत गेले आणि थांबले. का थांबले ते मला चांगलं ठाऊक आहे, उगाच कशाच्या आड लपत नाही. मला बरं वाटत होतं. दसऱ्यापासून हे घरात होते, माझ्या डोळ्यांपुढं. रविवारची सकाळ धास्ती न घेता उजाडत होती. हात गेला म्हणताहेत, तर तलावही गेला, असं माझ्या मनानं ठरवून टाकलं होतं, आणि ते मला हवं होतं. मी काठी पुन्हा दारामागं ठेवली आणि जळमटं काढायला लागले.

दिवाळीत जो येईल त्याला हे सांगायचे, हात गेला. आधी आवाज खाली घेऊन सांगायचे. भाऊबीज येईपर्यंत पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगायला लागले. चेंडू बाजेखाली गेला तो कुणी काढला नाही. पंचा मीच पिळायला लागले. व्यायामाची मुलगी कळवळून म्हणाली, "काका, हात वापरायचा सोडला तर तो खरंच जातो." हे म्हणाले, "पोरी, गेलेल्याचं आनी काय जायचं?" त्या वेळी मी चहाचा कप घेऊन दोघांच्या मधेच उभी होते. सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि मी म्हणाले काय, तर "साखर बघ गं, पुरे का?" पुढच्या आठवड्यापासून ह्यांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. मी तेव्हाही गप्पच.

मनाला समजवायला कारणांना काय तोटा? दिवाळी होऊ दे, मग सांगू. टॉवेलची ऑर्डर जाऊ दे, मग सांगू. आणि जसजसे दिवस गेले तसतसं तोंड उघडणं आणखीनच अवघड झालं, कारण आता नुसतं तेलाचं सांगून भागणार नव्हतं, गप्प बसल्याचंही सांगावं लागणार होतं. त्याचा राग मी काढायचे कुणावर, तर ह्यांच्यावरच. "नुसतं बसून ऱ्हाताय, चेंडू दाबायला काय हुतंय?" म्हणून खेकसायचे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

मोडनिंबला माझ्या भावाचं शेत आहे. हुरड्याच्या दिवसांत त्यानं बोलावलं म्हणून गेलो. बांधावर सगळे गोल करून बसले होते, आगटीतली कणसं काढून हातावर चोळायची, फुंकायची आणि खायचं. हुरडा एका हातानं चोळता येत नाही. हे उजवा हात मांडीवर ठेवून, त्यावर टॉवेल टाकून बसले होते. माझ्या भावजयीनं चोळलेला हुरडा ह्यांच्या डाव्या हातावर घातला आणि म्हणाली, "दाजी, उजव्या हातात घ्या की, बरकत जाती अशानं." हे हसत म्हणाले, "उजवा आता शोभेपुरता हाय, वैनी. नारळाला शेंडी असती न्हवं, तसा." सगळे हसले. हेही हसले. ज्या हातानं पितरपंधरवड्यात भाकरी मोडली होती तो हात हे टॉवेलाखाली लपवत होते, आणि कशानं हे घडलं ते त्या बांधावर एकटीला मलाच ठाऊक होतं.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपले तेव्हा मी रीळ काठीवरून सोडवलं आणि शेडात वर्तमानपत्र पसरून बसले.

खरं सांगते, पहिल्यांदा मी माझी सुटका शोधत होते. रिळाच्या तोंडाला एक गोल चावी असते. ती जितकी आवळावी तितका तंगूस जड सुटतो. म्हटलं, ती ढिली निघू दे रे देवा, म्हणजे तेलाचा काही संबंधच नाही. चावी पुरती आवळली. तंगूस दाराच्या कडीला बांधला आणि रीळ धरून मागं सरकले. तंगूस तसूभर सुटेना, पण हँडल गुमान उलटं फिरायला लागलं. म्हणजे चावी ठणठणीत होती. दोष आतल्या क्लचचाच होता, आणि क्लचपर्यंत माझ्या कुपीशिवाय दुसरं कुणी पोचलं नव्हतं.

तंगुसाची फिरकी काढली, खालचा नट सोडवला, वरची फिरती वाटी उचलली. खाली अंगठीएवढा क्लच. त्याच्या आत उभे बारीक पोलादी रूळ, जाड सुईच्या तुकड्यांएवढे, आणि प्रत्येकाच्या मागं केसासारखी स्प्रिंग. हँडल उलटं जायला लागलं की हे रूळ सरकून फटीत अडकतात, आणि सगळं जाम होतं. माझ्या क्लचमध्ये ते अडकणार कसे? आत पिवळा-तांबडा लगदा होता. तेल, रुई, हळद आणि कुंकू. रूळ त्यात निवांत पोहत होते. मी तो लगदा बोटावर घेऊन नाकाशी नेला. हळदीचा वाससुद्धा गेला नव्हता.

वाटीत स्कूटरमधलं पेट्रोल काढलं, ब्रशनं क्लच धुतला, वाळवला, बसवला. धरल्यासारखा वाटला आणि जोर दिल्यावर सटकन घसरला. रुळांच्या मागं तेल तसंच होतं. म्हणजे एकेक रूळ बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सुईनं पहिला रूळ उचकटला, आणि त्याच्या मागची स्प्रिंग टुण्णकन उडाली ती मागाखालच्या रुईत. वडिलांकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या मी त्या स्प्रिंगला घातल्या, मग स्वतःला घातल्या. शेवटी मागाखालची सगळी रुई गोळा करून पिठाच्या चाळणीनं चाळली. स्प्रिंग सापडली. चाळणी मात्र पुन्हा पिठाला वापरली नाही.

कोरोनाच्या वेळची स्पिरिटची बाटली कपाटात होती. रूळ आणि स्प्रिंगा स्पिरिटमध्ये बुडवल्या, पांढऱ्या फडक्यावर घासल्या, पुन्हा बुडवल्या. फडकं पिवळं होत राहिलं. ते कोरं निघेपर्यंत मी काही सोडलं नाही. सगळं जुळवून हँडल फिरवलं, तर पुढं घट्ट आणि मागं मोकळं! क्लच पालथा बसला होता. कपाळाला हात लावला, पुन्हा सगळं उघडलं, उलटा करून बसवला. आता पुढं मोकळं फिरलं. मागं ओढलं, तसं 'कट्' झालं आणि थांबलं. तंगुसाला मागाचं लोखंडी वजन टांगून बघितलं. हँडल ढिम्म हललं नाही. आणि माझा हात सवयीनं कुपीकडं गेला, शेवटचा एक थेंब सोडायला! दुसऱ्या हातानं त्याला अशी चापट मारली की लाल झाला.

माझा बेत असा होता. कुणाला काही बोलायचंच नाही. ह्यांना तलावावर न्यायचं, मासा लागेल, क्लच धरेल, ह्यांना वाटेल की हात परत आला. मग चेंडू निघेल, व्यायाम सुरू होतील, सगळं दसऱ्याच्या आधीसारखं. आणि मी काय केलं ते त्या पिवळ्या फडक्याबरोबर जाळून टाकायचं. ज्या तलावाला मी इतकी भ्यायले, तिथं मीच आता ह्यांना ओढत नेणार होते.

हे तयार होईनात. "कशाला तमाशा? लोक हसतील."

"लोकांसाठी न्हाय. मला बघायचाय तलाव. आयुष्यभर नुसत्या गोष्टी ऐकवल्या, एकदा दावा तरी."

संक्रांत होऊन गेली होती. स्कूटर मी चालवली, मागं हे, ह्यांच्या डाव्या हातात काठी. मास्तरांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. काठावर एक सपाट दगड बघून ह्यांना बसवलं, कणकेचा गोळा गळाला लावला आणि हे सांगतील तसा फेकला. पहिल्या दोन फेकी माझ्याच पायाशी पडल्या. हे बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले. "माशाला घरपोच पायजे न्हवं, आत फेक की जरा!" मला वाटलं, चला, अर्धं काम झालं.

मग काठी ह्यांच्या गुडघ्यांत रोवून दिली. बराच वेळ काही नाही. मग काठीचं टोक दबलं, आणि एकदम वाकलं.

"धरा!" मी ओरडले. "हँडल धरा!"

माशानं ओढ दिली. आत 'कट्' झालं आणि हँडल थांबलं. क्लच धरून होता, जराही घसरला नाही. आता ह्यांनी फक्त फिरवायचं होतं. ह्यांनी उजवा हात उचलून हँडलवर ठेवला. बोटं वळली नाहीत. हात घसरून खाली आला. पुन्हा ठेवला. अंगठा जरा हलला, बाकीची बोटं सरळच राहिली. दसऱ्याच्या आधी ही बोटं चिमटी करत होती. आता त्यांच्यात काहीच उरलेलं नव्हतं. हँडल जागच्या जागी उभं होतं आणि ह्यांचा हात त्यावरून पुन्हा पुन्हा घसरत होता.

हे माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ, मी सांगत हुतो न्हवं?" त्यात राग नव्हता, दुःखसुद्धा नव्हतं. ह्यांना त्याची सवय झाली होती.

मग माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं बोलले. तेल, क्लच, दारामागची काठी, काय आधी आणि काय नंतर ते मला आता सांगता येणार नाही. मासा गळाला तसाच होता, तंगूस पाण्यात इकडून तिकडं चिरत जात होता.

तेलाचं ऐकून हे चक्क हसले. "म्हंजे त्याला तू जेवण घातलंस ते पचलं न्हाय म्हण की!" मग हसू थांबलं. ह्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक गोष्ट उमगत गेलेली मला दिसली.

"म्हंजे तवा माझा हात चांगला हुता?"

"हुता."

"तुला कवा कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

"मग बोलली का न्हाईस?"

खोटं बोलायला आता काही शिल्लक नव्हतं. "तुमी घरात हुता. मला बरं वाटत हुतं."

ह्यांनी डाव्या हातानं उजव्याची बोटं उचलली, एकेक करून हँडलभोवती वळवली आणि डावा हात काढला. बोटं उघडली. पुन्हा वळवली. पुन्हा उघडली. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, "तंगूस काप." मी कापला.

घरी येताना नेहमी हे माझ्या खांद्याला धरून बसतात. त्या दिवशी मागची दांडी धरून बसले.

संध्याकाळी मास्तर आले. कुणीतरी आम्हाला तलावाच्या रस्त्यानं जाताना बघितलं होतं. "अण्णा, गेलता म्हणं? काय झालं?" मी चहा घेऊन बाहेर आले. मनाशी ठरवलं होतं, निदान ह्या माणसापुढं तरी खरं सांगायचं, त्यानं ह्यांचा जीव वाचवलाय. "मास्तर," मी म्हणाले, "ह्यांच्या हाताचं खरं म्हंजे..."

"दुखण्यानंच गेला ओ हात," हे मधेच म्हणाले. "पयल्यापासनं गेलेलाच हुता. ही उगं जिवाला लावून घेती." आणि तलावावरून आल्यावर पहिल्यांदाच माझ्याशी बोलले, माझ्याकडं न बघता. "चहा निवतोय, दे त्यांना."

व्यायामाची मुलगी आता परत येते. पहिल्यासारखं होईल का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, बघू. उन्हाळ्यात विचारलं होतं तेव्हा ती 'होईल की' म्हणाली होती.

भाऊ विचारतो, भावजय विचारते, टॉवेलचे व्यापारी विचारतात. हे सगळ्यांना तेच सांगतात, दुखण्यानं गेला, पहिल्यापासून गेलेलाच होता. मी शेजारी उभी असले तर मान डोलावते.